ओळंबा, दोरी आणि आमची गाडी

'अलाइनमेंट' हा शब्द आपल्या कॉलेजात बहुतेकांना भेटतो तो सबमिशनच्या आदल्या रात्री. मजकूर लेफ्ट अलाइन करायचा की जस्टिफाय, यावर झेरॉक्सच्या दुकानात अर्धा अर्धा तास वाद घालणारी पब्लिक आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहे. तिथे चुकलं तर फार तर सर रिपोर्ट परत फेकतात. चाकांचं अलाइनमेंट चुकलं तर काय होतं, हे मला थर्ड इयरला, आपल्या कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये कळलं. आणि ते शोधायला शेवटी गवंड्याचा ओळंबा लागला!

ज्यांना टीम म्हणजे 'वर्कशॉपमागे रात्रभर ग्राइंडर चालवून हॉस्टेलची झोप मोडणारी मंडळी' एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. एकच सीट, उघडी चाकं असलेली छोटी रेसिंग कार विद्यार्थ्यांनी स्वतः डिझाइन करायची, बनवायची आणि चालवायची. अमेरिकेत १९८१ साली ही कल्पना स्पर्धेच्या रूपात सुरू झाली. आपल्याकडे फॉर्म्युला भारतसाठी आम्ही कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जातो. या ट्रॅकला एस. करिवर्धन यांचं नाव आहे. मारुती ८०० चं इंजिन घालून ज्यांनी 'फॉर्म्युला मारुती' गाड्या बनवल्या, तेच हे. तिथे ७५ मीटरची सरळ रेस असते, ऑटोक्रॉस असतो, २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स असते आणि स्किडपॅड नावाचा एक मजेशीर प्रकार असतो. मराठी आठच्या नाही, इंग्रजी आठच्या आकारात दोन वर्तुळं, आतला व्यास १५.२५ मीटर. आधी उजव्या वर्तुळाला दोन फेऱ्या, मग डाव्याला दोन. दोन्ही वर्तुळं अगदी सारखी. म्हणजे गाडी सरळ बनली असेल तर दोन्हीकडची वेळही जवळपास सारखीच यायला हवी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चाकांबद्दल. चाक सरळ उभं आणि सरळ पुढे बघणारं असावं असं आपल्याला वाटतं. ट्रॅकवर तसं नसतं. तीन शब्द माहीत असले की झालं.

पहिला कॅम्बर. गाडीकडे समोरून पाहिल्यावर चाक किती कललेलं आहे ते. वरचा भाग आत झुकला असेल तर निगेटिव्ह. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, तिच्याबरोबर बाहेरचं चाकही बाहेर कलायला बघतं आणि टायर एका कडेवर येतो. म्हणून चाक आधीच थोडं आत कलवून ठेवायचं, म्हणजे ऐन वळणात ते सपाट टेकतं. पण जास्त कलवलं तर सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना टायरची फक्त आतली कड काम करते. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं, असा प्रकार.

दुसरा कास्टर. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष बाजूने पाहिल्यावर किती मागे झुकलेला आहे ते. सायकलचा पुढचा फोर्क आठवा. यामुळे स्टिअरिंग आपोआप मध्यावर येतं.

तिसरा आणि सगळ्यात खोडकर, टो. वरून पाहिल्यावर चाकं एकमेकांकडे बघतात (टो-इन) की एकमेकांकडे पाठ फिरवतात (टो-आउट). पुढे थोडा टो-आउट दिला की गाडी वळणात पटकन शिरते. मागे थोडा टो-इन दिला की मागची बाजू शांत राहते. हे सगळं मिलिमीटरमध्ये चालतं. साधारण ३५० मिमी व्यासाच्या रिमवर पुढच्या-मागच्या कडेत १ मिमी फरक म्हणजे जेमतेम ०.१६ अंश. डोळ्याला दिसत नाही, पण ड्रायव्हरच्या पाठीला बरोबर समजतो.

तुम्ही म्हणाल, मग एवढं काय, कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे न्या, मशीनला लावा, हिरवे आकडे आले की पैसे द्या! पण आमच्या गाडीचं पोट जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटरवर. ती त्या रॅम्पवर चढतच नाही. चढवली तरी मशीनच्या यादीत आमची गाडी कुठून असणार? हिरवा आकडा म्हणजे कंपनीने ठरवलेल्या मर्यादेतला आकडा. आमची कंपनी आम्हीच, मर्यादाही आम्हीच ठरवायच्या.

तर आता मूळ मुद्दा. जानेवारीच्या स्पर्धेआधी नोव्हेंबरपासून आमचं टेस्टिंग सुरू झालं. आणि आमच्या ड्रायव्हरने पहिल्या दिवसापासून एकच पालुपद लावलं, "उजव्या वळणात मागची बाजू निसटते. डावीकडे गाडी वळतच नाही." त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. कॉम्प्युटरचा मुलगा, वजन ६२ किलो, बोलणं त्याहून कमी. सस्पेन्शन डिपार्टमेंटची फाइल उघडली तर तिथे स्वच्छ अक्षरात नोंद: 'रिअर टो-इन, टोटल २ मिमी. ओके.' टेपने पुन्हा मोजलं. मागच्या दोन चाकांमधलं पुढच्या कडांचं अंतर, मग मागच्या कडांचं अंतर, वजाबाकी. बरोबर २ मिमी.

मग काय, गाडी ओके म्हणजे ड्रायव्हर नॉट ओके! मेसमध्ये कुजबुज सुरू झाली. "घाबरतो तो." "उजवीकडे बघतानाच त्याची फाटते." स्किडपॅडच्या वेळा होत्याच पुराव्याला: डाव्या वर्तुळात ५.५५ सेकंद, उजव्या वर्तुळात ५.९०. सीटवर डोळा ठेवून बसलेले अजून दोघं होते. रविवारच्या मीटिंगमध्ये ड्रायव्हर बदलायचा ठरावच येणार असं कळलं. तो काहीच बोलत नव्हता. फक्त प्रत्येक रननंतर हेल्मेट काढून तेच वाक्य, त्याच शब्दांत. मला त्याचंच नवल वाटायचं. घाबरलेला माणूस रोज वेगळं कारण सांगतो. हा रोज एकच सांगत होता.

शुक्रवारी रात्री घरी फोन केला. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कराडजवळ गवंडीकाम करतात. त्यांना माझी गाडी म्हणजे नक्की काय हे समजावता समजावता दोन वर्षं गेली आहेत. सहज बोलता बोलता म्हटलं, "अण्णा, दोन चाकांमधलं माप बरोबर येतंय, तरी गाडी एका बाजूला ओढतीय."

अण्णा हसले. म्हणाले, "अगं, बोळाच्या दोन भितीतलं अंतर फुडं-मागं बरुबर आलं म्हंजे भिती जाग्यावर हाईत व्हय? दोन्ही एकाच अंगाला गेल्या असत्याल की. मधली रेघ मारली का आदी?"

मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. मधली रेघ! आमची टेप चाकाला चाकाशी जोडत होती. चाकाला गाडीशी कोणीच जोडलं नव्हतं. उजवं चाक ३ मिमी आत आणि डावं १ मिमी बाहेर असेल तरी बेरीज २ मिमीच येते की! दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अण्णांनी कंडक्टरच्या हाती एक पिशवी पाठवली: ओळंबा, लाइनदोरीचं बंडल, आणि लेव्हल बघायची वीस फुटी पारदर्शक नळी. सोबत आईने शेंगदाण्याच्या चटणीची पुडी.

शनिवारी रात्री कॅप्टनने एक रात्र दिली. "उद्या मीटिंग. तोपर्यंत काय मोजायचं ते मोज."

आधी जमीन. वर्कशॉपची फरशी सपाट दिसते, पण धुतलेलं पाणी गटाराकडे जावं म्हणून तिला ढाळ दिलेला असतो. नळीत पाणी भरून चारही चाकांच्या जागा पाहिल्या तर डाव्या-उजव्या चाकात ९ मिमीचा फरक! आमच्या पुढच्या चाकांमधलं अंतर १२०० मिमी. म्हणजे कॅम्बर मोजण्याआधीच जवळजवळ ०.४ अंशाची चूक जमिनीतूनच येणार. सिव्हिलच्या बांधकामावरून उरलेल्या टाइल्स आणि पत्र्याचे तुकडे आणून चारही जागा एका पातळीत घेतल्या. प्रत्येक चाकाखाली दोन टाइल्स, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक अडकून न बसता मोकळं सरकतं. जॅकवरून गाडी खाली उतरवली की टायर आडवे ताणून बसतात आणि माप खोटं येतं. ग्रीस असलं की तो प्रश्न मिटतो.

मग टायरमधली हवा चारही चाकांत ठरल्याप्रमाणे भरली. स्टिअरिंग मध्यावर आणून बांधलं. सीटवर ड्रायव्हरचं वजन हवं, कारण माणूस बसला की गाडी खाली बसते आणि सगळे कोन बदलतात. वाळूची गोणी ठेवायचा विचार चालला होता, तर ड्रायव्हर म्हणाला, "मीच बसतो." आणि बसला. रात्री अकरा वाजता.

त्यानंतर दोरी. गाडीच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन आडवे पाइप, दोन्हीवर सारख्याच अंतरावर खाचा. खाचांमधून दोन्ही बाजूंना लाइनदोरी ताणली, चाकाच्या मध्याच्या उंचीवर. खाचा सारख्या असल्यामुळे दोऱ्या एकमेकींना समांतर. आता त्या गाडीच्या मध्यरेषेला समांतर आणायच्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून दोरी डावीकडे १०० मिमी तर उजवीकडेही १०० हवी. आमची मागची चाकं पुढच्यापेक्षा ५० मिमीने जवळ आहेत, म्हणून मागे दोन्हीकडे १२५. इथेच बरेच जण घाई करतात आणि दोरी चाकांनाच समांतर लावून मोकळे होतात. मग मोजायचं काय, कपाळ? पाइप इकडे अर्धा मिलिमीटर, तिकडे अर्धा, असं करत साडेबारा वाजले. कोणी दोरीला पाय लावला तर पुन्हा पहिल्यापासून. कॅप्टनने सरळ दारच लावून घेतलं.

मग स्टीलची पट्टी घेऊन प्रत्येक चाक. रिमच्या पुढच्या कडेपासून दोरी किती, मागच्या कडेपासून किती. पुढची दोन्ही चाकं ठीक. मागचं उजवं: ३ मिमी आत. मागचं डावं: १ मिमी बाहेर.

सगळे गप्प. बेरीज २ मिमी. फाइल खोटं बोलत नव्हती, फक्त अर्धंच सांगत होती.

याचा अर्थ काय तो बघा. उजव्या वळणात सगळा भार बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकावर येतो. आमचं मागचं डावं चाक बाहेर बघत होतं, म्हणून मागची बाजू निसटत होती. डाव्या वळणात भार उजव्यावर, आणि ते गरजेपेक्षा जास्त आत, म्हणून गाडी हट्टाने सरळ जात होती. ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून जे वाक्य सांगत होता ते शब्दशः खरं होतं. सरळ रस्त्यावर याचा फरक स्टिअरिंगवर जेमतेम दीड अंश पडत असेल. तो कोणाच्या लक्षात येणार? कारणही फाइलमध्येच सापडलं. मागच्या हंगामात डावी टो लिंक बदलली होती, आणि टोटल पुन्हा जमवली होती ती उजव्या लिंकवरून.

मी सीटकडे बघितलं. पठ्ठ्या हार्नेस लावून गाढ झोपला होता. त्याला उठवून आकडे दाखवले. त्याने पट्टी स्वतः धरून एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बरं. चहा आहे का?" एवढंच. पण कॅप्टनने रविवारची मीटिंग रद्द केल्याचा मेसेज रात्री दोन वाजताच टाकला.

लिंकच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे. त्यामुळे लिंक न काढता फिरवून लांबी बदलता येते. दोन्ही बाजू १-१ मिमी टो-इनवर आणल्या, चेक नट आवळले आणि नटापासून लिंकपर्यंत पिवळ्या पेंटची रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट हलला, हे लांबूनही कळतं. ही रेघ शोभेची नाही बरं का. त्या सीटवर आपला मित्र बसतो.

सोमवारी स्किडपॅड: डावीकडे ५.५८, उजवीकडे ५.६१. डावी फेरी किंचित हळू झाली हे मुद्दाम सांगते, कारण आधी ती उजवीच्या जिवावर पळत होती.

त्यानंतर कॅम्बरकडे वळलो. तो ओळंब्यानेच मोजला: रिमच्या वरच्या कडेला दोरी, खालच्या कडेपाशी किती अंतर पडतं ते बघायचं. ३५० मिमीवर १ अंश म्हणजे साधारण ६ मिमी. आमच्या फाइलमध्ये पुढे निगेटिव्ह ३ अंश होते. ते बरोबर की चूक हे फाइलला विचारायचं नाही, टायरला विचारायचं. दहा फेऱ्या मारून गाडी आत आली की लगेच टायरच्या रबरात सुई टोचून आत, मध्ये आणि बाहेर असं तीन जागी तापमान घ्यायचं. लांबून धरायची इन्फ्रारेड गन फक्त पृष्ठभाग वाचते आणि तो झटकन गार होतो. आमचे आकडे आले ७१, ६६ आणि ५३. आतली कड राबतेय, बाहेरची आराम करतेय. म्हणजे कॅम्बर जास्त. शिम घालून पाऊण अंश कमी केला, आकडे आले ६८, ६६, ६०. ब्रेकही आधीपेक्षा चांगले लागायला लागले. मधला आकडा दोन्ही कडांपेक्षा जास्त आला असता तर हवा जास्त आहे असं समजायचं. आणि कॅम्बर बदलला की टो हलतोच, म्हणून पुन्हा दोरी. टो नेहमी सगळ्यात शेवटी.

हे वाचून कोणाला आपल्या दादाची हॅचबॅक ट्रॅक डेला न्यायची हुक्की आली असेल तर दोन गोष्टी. बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे टो सोडला तर फारसं काही हलवता येत नाही. कॅम्बरसाठी वेगळे बोल्ट किंवा कॅम्बर प्लेट लागतात, आणि मागचा एकसंध बीम बहुधा आहे तसाच राहतो. दुसरं, ज्या गाडीने ट्रॅकवर पळायचं तिनेच घरी यायचं असेल तर टो शून्याच्या आसपास ठेवा. टायरची कड कॅम्बरपेक्षा टो जास्त खातो, आणि पुणे ते कोइमतूर एका बाजूनेच हजार किलोमीटरच्या वर आहे. परत येईपर्यंत टायर नवे घ्यायची वेळ यायची. आमचं बरं, आमची गाडी टेम्पोत बसून येते!

कोइमतूरला आम्ही काही पहिले आलो नाही. पण २२ किलोमीटर पूर्ण करून गाडी स्वतःच्या चाकांवर परत आली आणि पिवळ्या रेघा चारही लिंकवर अखंड होत्या. अण्णांना फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, "पोरगं धड हाय न्हवं?" मी हो म्हटलं. "मग झालं तर," म्हणाले, आणि ओळंबा परत कधी पाठवतेस ते विचारलं, कारण स्लॅबचं काम आलं होतं.

तर येणाऱ्या ज्युनिअर बॅचला निरोप. फाइलमध्ये आता 'टोटल' हा रकाना नाही. डावं वेगळं, उजवं वेगळं. सीटवर कोण बसलं होतं, हवा किती होती, कोणत्या चाकाखाली किती टाइल्स होत्या, हे सगळं तारखेसह लिहायचं आणि खाली मोजणाऱ्याने सही करायची. ड्रायव्हरचं म्हणणंही त्याच पानावर, त्याच्याच शब्दांत. आकडा आणि त्याचं म्हणणं जुळलं नाही तर आधी दोरी बांधा, मीटिंग नंतर घ्या. ओळंबा आम्ही टीमसाठी नवा विकत घेतलाय, तो कपाटात वरच्या खणात आहे. खालच्या खणात खडूने नंबर टाकलेल्या टाइल्स आहेत. त्यावर चहाचे कप ठेवू नका, नंबर पुसले जातात!